विश्लेषण : क्लच न दाबता गिअर… शहरात चालवायची टूरिंग मोटरसायकल ‘ई-क्लच’ची घ्यावी का?

लांबच्या प्रवासासाठी घेतलेली मोठी मोटरसायकल वर्षातले बहुतेक दिवस शहरातच फिरते. सिग्नल, खड्डे, मेट्रोची कामे आणि गर्दीत डाव्या हाताला क्लचपासून उसंत मिळत नाही. हा त्रास कमी करणारी इलेक्ट्रॉनिक क्लचची यंत्रणा आता भारतातही मिळू लागली आहे. मात्र दहा लाखांच्या घरातली गाडी केवळ त्यासाठी निवडावी का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

क्लच नेमका करतो काय?

इंजिन चालू असताना फिरत राहते, ते थांबवले की बंद पडते. चाकाला मात्र थांबावे लागते, पुन्हा निघावे लागते. फिरते इंजिन आणि थांबलेले चाक यांच्यात सांधा जोडण्याचे आणि तोडण्याचे काम क्लच करतो. मोटरसायकलमध्ये घर्षणाच्या प्लेटा आणि पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. लिव्हर दाबला की प्लेटा सुटतात, सोडला की पुन्हा घट्ट होतात.

खरी कसरत या दोन टोकांच्या मधल्या जागेत असते. बोलीभाषेत त्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात. प्लेटा अर्धवट घासत असतात आणि तेवढीच ताकद चाकापर्यंत पोहोचते. चालण्याच्या वेगाने गाडी पुढे सरकवायची तर चालकाला सतत याच जागेत राहावे लागते. इलेक्ट्रॉनिक क्लचमध्ये हीच जागा सांभाळण्याचे काम हाताऐवजी मोटर आणि संगणक करतात.

शहरातच डावा हात का भरून येतो?

महामार्गावर तासभर गाडी चालवताना क्लच मोजक्या वेळा दाबला जातो. शहरात तेवढ्याच वेळात तो शेकडो वेळा दाबावा लागतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा क्लच हलका असतो, त्यामुळे ते फारसे जाणवत नाही. इंजिन मोठे झाले की जास्त ताकद पेलण्यासाठी प्लेटांवर जास्त दाब लागतो आणि लिव्हरही जड होतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत ‘असिस्ट अँड स्लिपर’ क्लच असतो. त्याने लिव्हर हलका होतो, पण दाबण्याची संख्या तेवढीच राहते.

महाराष्ट्रात या त्रासाला आणखी एक कारण आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू आणि मुंबईचा सागरी किनारा मार्ग या चारही ठिकाणी दुचाकींना बंदी आहे. मोटरसायकल कितीही वेगवान असली, तरी तिला जुन्या महामार्गाने आणि शहरातल्या गर्दीतूनच वाट काढावी लागते. मुंबई-पुणे प्रवासाला निघालेल्याला खंडाळ्याच्या घाटाआधी पनवेलपर्यंतची रांगच थकवते. मनगट किंवा अंगठ्याच्या जुन्या दुखण्याने गाडी विकायच्या विचारात असलेल्यांसाठी हा प्रश्न हौसेपुरता उरत नाही. गाडी चालवणे सुरू ठेवायचे की सोडायचे, इथपर्यंत तो येतो.

क्लचविना गिअरची गाडी ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. होंडाने १९५८ मध्ये आणलेल्या ‘सुपर कब’मध्ये हाताचा क्लच नव्हता. इंजिनाचा वेग वाढला की वजने बाहेर फेकली जाऊन आपोआप जुळणारा सेंट्रिफ्युगल क्लच त्यात होता. गिअर पायाने बदलायचे, डावा हात मोकळा. भारतातही १९९७ मध्ये हिरो होंडाची ‘स्ट्रीट’ याच घराण्यातून आली. २००९ मध्ये टीव्हीएसने ‘जाइव्ह’ ही क्लच लिव्हर नसलेली ११० सीसीची मोटरसायकल आणली. या दोन्ही गाड्या बाजारात फार काळ टिकल्या नाहीत. ज्याला क्लच नको होता, त्याला गिअरही नको होते आणि तो सरळ गिअरलेस स्कूटरकडे वळला.

मोठ्या गाड्यांचा ग्राहक वेगळा आहे. त्याला गिअर बदलण्यातली मजा हवी असते, नको असतो तो फक्त गर्दीतला क्लच. आजच्या यंत्रणा या ग्राहकासाठी आहेत.

टूरिंग मोटरसायकलमध्ये याची सुरुवात कधी झाली?

यातला महत्त्वाचा टप्पा २००६ चा. यामाहाने आपल्या ‘एफजेआर १३००’ या नावाजलेल्या टूरिंग गाडीची ‘एएस’ आवृत्ती आणली. तिच्यात क्लचचा लिव्हरच नव्हता. क्लच आणि गिअर दोन्हींसाठी विजेवर चालणारी स्वतंत्र यंत्रणा होती. कोणता गिअर टाकायचा हे चालकाच्या हाती होते. पायाने किंवा डाव्या मुठीजवळच्या बटणाने तो बदलता येई.

लांब पल्ल्याला आणि थांबत-थांबत जाणाऱ्या वाहतुकीत ती आरामदायी ठरली. अडचण आली ती चालण्याच्या वेगाने वळताना. पावणेतीनशे किलोंहून जड गाडी वळत असताना क्लच कधी जुळणार आणि कधी सुटणार, हे यंत्र ठरवत होते. लिव्हर नसल्याने चालकाला मध्ये हस्तक्षेप करता येत नव्हता. मागचा ब्रेक हलका दाबून ठेवत रेस स्थिर ठेवण्याची वेगळी सवय लावून घ्यावी लागली. आजही अशी कोणतीही गाडी निवडताना हा धडा उपयोगी पडतो.

पुढे २०१० मध्ये होंडाने ‘व्हीएफआर १२०० एफ’मध्ये दोन क्लचचा ‘डीसीटी’ गिअरबॉक्स आणला. त्यात एक क्लच विषम आणि दुसरा सम क्रमांकाचे गिअर सांभाळतो, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो. गिअरही गाडी स्वतःच बदलते. भारतात २०१७ मध्ये ‘आफ्रिका ट्विन’ आली, तीही याच गिअरबॉक्ससह.

मग ‘ई-क्लच’ त्यापेक्षा वेगळा कसा?

होंडाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात ‘ई-क्लच’ दाखवला. २०२४ च्या ‘सीबी ६५० आर’ आणि ‘सीबीआर ६५० आर’ या गाड्यांत तो पहिल्यांदा बसवला गेला. यात गिअरबॉक्स नेहमीचाच, सहा गिअरचा आहे. क्लचही नेहमीचाच. फक्त तो ओढण्यासाठी इंजिनाच्या उजव्या बाजूला दोन छोट्या मोटर बसवल्या आहेत. या साऱ्याचे वजन साधारण दोन किलो.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे लिव्हर जागेवरच आहे. हात आणि मोटर एकमेकांना अडवणार नाहीत अशा रीतीने क्लचचा दांडा तीन भागांत विभागला आहे. यंत्रणा चालू असताना चालकाने लिव्हर दाबला, तर त्याचे म्हणणे आधी ऐकले जाते. यंत्रणा बंद करून नेहमीसारखी गाडी चालवण्याचीही सोय आहे.

रेस किती, इंजिनाचे फेरे किती, गिअर कोणता, पायाने पेडलवर दाब किती आणि चाकांचा वेग किती, हे पाहून संगणक क्लच किती सोडायचा ते ठरवतो. गिअर बदलताना इंधन आणि ठिणगी यांचाही तो ताळमेळ घालतो. त्यामुळे गाडी निघताना, थांबताना आणि गिअर बदलताना अशा तिन्ही वेळी डावा हात मोकळा राहतो. गिअर पायाने बदलण्याचे काम मात्र चालकाचेच.

क्विकशिफ्टर असेल तर ई-क्लचची गरज काय?

शोरूममध्ये हमखास होणारा हा गोंधळ. क्विकशिफ्टर चालत्या गाडीचा गिअर बदलताना क्षणभर इंजिनाची ताकद तोडतो, म्हणजे क्लच न दाबता गिअर पडतो. पण सिग्नलला थांबताना आणि निघताना क्लच दाबावाच लागतो. विसरलात तर गाडी बंद. शिवाय कमी वेगात आणि कमी फेऱ्यांवर अनेक क्विकशिफ्टर झटका देतात.

शहरातला त्रास नेमका थांबणे, सरकणे आणि निघणे यांचाच असतो. त्यामुळे केवळ क्विकशिफ्टर आहे म्हणून गाडी शहरात सोपी होत नाही. ज्याला गर्दीतला हात वाचवायचा आहे, त्याने ‘थांबताना आणि निघताना क्लच कोण सांभाळते?’ एवढा एकच प्रश्न विक्रेत्याला विचारावा. बाकीची नावे आपोआप गळून पडतील.

बाकी कंपन्या काय देतात?

गेल्या काही वर्षांत यात चढाओढ लागली आहे. यामाहाने २०२४ मध्ये ‘वाय-एएमटी’ ही यंत्रणा जाहीर केली. ती आधी ‘एमटी-०९’ आणि नंतर ‘ट्रेसर ९ जीटी प्लस’ या टूरिंग गाडीत आली. यात क्लचचा लिव्हर नाही आणि पायाचे गिअर पेडलही नाही. गिअर बटणाने बदलायचे किंवा गाडीवर सोपवायचे. वजनात भर सुमारे २.८ किलोंची.

बीएमडब्ल्यूने त्याच वर्षी ‘आर १३०० जीएस’ मालिकेसाठी ‘एएसए’ आणली. यातही लिव्हर नाही, पण पायाचे पेडल आहे. हवे तर गिअर गाडीवर सोपवता येतात. केटीएमने ‘१३९० सुपर अॅडव्हेंचर एस इव्हो’मध्ये स्वयंचलित गिअर आणि सेंट्रिफ्युगल क्लच यांची जोडी वापरली. बीएमडब्ल्यूच्याच ‘एफ ४५० जीएस’चे अनावरण नोव्हेंबर २०२५ मध्ये मिलानला झाले. ही गाडी टीव्हीएसच्या होसूर येथील कारखान्यात तयार होते. तिच्यासाठी जाहीर झालेला ‘इझी राइड क्लच’ही सेंट्रिफ्युगल जातीचाच आहे. म्हणजे ‘सुपर कब’ची जुनी युक्ती नव्या रूपात परतली आहे.

थोडक्यात तीन गट पडतात. लिव्हर आणि पेडल दोन्ही असलेल्या, लिव्हर नसून पेडल असलेल्या आणि दोन्ही नसलेल्या गाड्या. पहिल्या गटात चालकाचा ताबा सर्वाधिक आणि तिसऱ्या गटात सोय सर्वाधिक. परदेशातल्या चाचण्यांचे व्हिडीओ पाहून भुलण्याआधी तीच आवृत्ती भारतात विकली जाते का, हे मात्र विचारून घ्यावे. एकाच गाडीच्या साध्या आणि स्वयंचलित अशा दोन आवृत्त्या असतात. भारतात अनेकदा त्यातली एकच येते.

भारतात आज काय मिळते?

मे २०२५ मध्ये होंडाने ‘सीबी ६५० आर’ ई-क्लचसह ९.६० लाख आणि ‘सीबीआर ६५० आर’ १०.४० लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आणली. दोन्हींत ६४९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे. वजन २०५ ते २११ किलोंच्या दरम्यान, सीटची उंची ८१० मिलिमीटर आणि टाकी सुमारे १५ लिटरची. त्याच महिन्यात ‘एक्स-एडीव्ही’ ही ७४५ सीसीची ‘डीसीटी’ गाडी ११.९० लाखांना आली. ती दिसायला स्कूटर, वजनाला मात्र २३५ किलोंच्या पुढे. ‘गोल्ड विंग टूर’ ही पूर्ण टूरिंग गाडीही ‘डीसीटी’सह मिळते, पण ती ४० लाखांच्या घरात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींचा जीएसटी सेससह ३१ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे वरच्या किमती आरंभीच्या समजाव्यात आणि आजचा भाव विक्रेत्याकडून लेखी घ्यावा. पथकर, विमा आणि नोंदणी धरून ऑन-रोड रक्कम बरीच वाढते.

इथे एक अडचण आहे. भारतात ई-क्लच आधी ज्या दोन गाड्यांत आला, त्या अस्सल टूरिंग गाड्या नाहीत. एक रोडस्टर, दुसरी पुढे झुकून बसायची स्पोर्ट गाडी. चालवायला देखण्या, पण डबलसीट, दोन्ही बाजूंना बॅगा आणि कोकणातला खडबडीत रस्ता हे त्यांचे क्षेत्र नाही. त्या कामासाठीच्या ‘एनएक्स ५००’ आणि ‘ट्रान्सअल्प ७५०’ या गाड्यांना युरोपसाठी २०२६ च्या मॉडेलपासून ई-क्लच जाहीर झाला आहे. घाई नसलेल्या टूरिंग ग्राहकाने याकडे लक्ष ठेवायला हरकत नाही.

शहरात त्याने सगळा त्रास जातो का?

नाही. क्लच हा शहरातल्या त्रासाचा एक भाग आहे, पूर्ण त्रास नाही. चार सिलिंडरच्या इंजिनाची धग मे महिन्यात पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर क्लच कोणीही दाबला तरी पायाला लागणारच. ई-क्लचच्या गाडीत उजव्या बाजूचे कव्हर थोडे बाहेर आलेले असते. थांबल्यावर पाय टेकताना ते काहींच्या नडगीला लागते.

दुसरी बाब वजनाची. दोनशे किलोंची गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून मागे ओढताना क्लचचा काही उपयोग नाही. तिसरी बाब रुंदीची. बाजूच्या बॅगा लावल्या की रिक्षा आणि पीएमपीच्या बसमधून वाट काढणे थांबते आणि मोटरसायकलही कारसारखी रांगेत उभी राहते. चौथी बाब गतिरोधकांची. खाली झुकलेल्या स्पोर्ट गाडीचा पोटाचा भाग उंच गतिरोधकाला घासतो.

पाचवी बाब गिअरची. ई-क्लच गिअर बदलत नाही. चौथ्या गिअरवर सिग्नलला थांबलात, तर गाडी बंद पडणार नाही, पण निघताना ती रडतखडत उचलेल आणि प्लेटा अकारण तापतील. पडद्यावर गिअर उतरवण्याची सूचना येते, ती पाळायची सवय लावावी लागते. हेही नको असेल, तर ‘डीसीटी’ किंवा ‘वाय-एएमटी’सारखी पूर्ण स्वयंचलित यंत्रणा घ्यावी.

यू-टर्न आणि गर्दीत सरकताना काय बदलते?

हाताचा क्लच असलेल्या गाडीत अनुभवी चालक अरुंद यू-टर्न हाफ क्लचवर घेतो. स्वयंचलित क्लचमध्ये हे काम मागच्या ब्रेकने करावे लागते. रेस थोडी आणि स्थिर, मागचा ब्रेक हलका दाबलेला, नजर वळणाच्या टोकाकडे. ब्रेकमुळे वेग मर्यादेत राहतो आणि क्लच एकदम जुळून झटका बसत नाही. वळणाच्या मध्येच रेस पूर्ण सोडली तर क्लच सुटतो, चाकाची ओढ जाते आणि जड गाडी आतल्या बाजूला कलते. पहिल्या महिन्यात गाड्या पडतात त्या बहुधा अशाच.

लिव्हर असलेल्या ई-क्लचमध्ये अशा वेळी जुन्या सवयीप्रमाणे हात वापरता येतो. मात्र लिव्हर सोडल्यावर यंत्रणा पुन्हा ताबा घ्यायला काही क्षण घेते. तेवढ्या वेळात गाडी साध्या क्लचची आहे असे समजूनच चालवावी.

आणखी एक धोका विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. इंजिन चालू आणि गिअर पडलेला असताना अशी गाडी लिव्हर न दाबताही शांत उभी राहते. रेस फिरवली की मात्र ती स्कूटरसारखी निघते. टाकीवर बसवलेल्या लहान मुलाने गंमत म्हणून मूठ पिळली किंवा पेट्रोल पंपावर ग्लोव्ह अडकला, तर दोनशे किलोंची गाडी पुढे उडी मारेल. थांबल्यावर न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे, हा नियम घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा.

घाटात आणि चढावर कितपत भरवसा ठेवावा?

ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाटात ट्रकमागे थांबत-थांबत चढताना ही यंत्रणा खरी उपयोगी पडते. चढावर निघताना क्लच, ब्रेक आणि रेस यांची त्रिस्थळी यात्रा करावी लागत नाही. मागचा ब्रेक धरायचा, रेस द्यायची, गाडी उचलली की ब्रेक सोडायचा. मागे डबलसीट आणि सामान असेल तर हा फरक जास्त जाणवतो.

पण चढावर ब्रेकऐवजी रेस देऊन गाडी जागेवर धरून ठेवण्याची सवय असेल, तर ती सोडावी. तसे करताना क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. मोटरने ओढला तरी क्लच तोच आहे, त्याच्या प्लेटा हाताच्या क्लचइतक्याच झिजतात.

उतारावर गाडी उभी करताना साध्या गाडीत पहिला गिअर टाकून ठेवतात. ‘डीसीटी’च्या गाडीत इंजिन बंद झाले की क्लच सुटलेला असतो, त्यामुळे गिअरवर ती थांबत नाही. म्हणून तिला वेगळा पार्किंग ब्रेक दिलेला असतो आणि तो लावावाच लागतो. याच कारणाने बॅटरी उतरली तर ती धक्का मारून चालू करता येत नाही.

देखभाल आणि बिघाडाचे काय?

मोटरसायकलचा क्लच बहुधा इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. त्यामुळे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ दर्जाचेच तेल घालावे लागते. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्याने प्लेटा घसरू लागतात. स्वयंचलित क्लचमध्ये अशी घसरण चालकाच्या हाताला लवकर कळत नाही, म्हणून तेलाची काळजी इथे जास्त घ्यावी.

सर्व यंत्रणा बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. पावसाळाभर गाडी उभी राहिली आणि बॅटरी अशक्त झाली, तर आधी तिचीच तपासणी करावी. ई-क्लचमध्ये बिघाड झाला तरी लिव्हर हाताने काम करतो, म्हणजे गाडी घरापर्यंत आणता येते. लिव्हरच नसलेल्या गाडीत हा आधार नाही. दापोली किंवा गडचिरोलीच्या वाटेवर, जिथे जवळचे सेवा केंद्र दीडशे-दोनशे किलोमीटरवर असते, तिथे ही गोष्ट जमेची ठरते.

साध्या गाडीला बाहेरून स्वयंचलित क्लचचे किट बसवून घेण्याचा मोहही काहींना होतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते. त्याचा परिणाम वॉरंटीवर आणि अपघातानंतरच्या विम्याच्या दाव्यावरही होऊ शकतो.

टेस्ट राइडला काय पाहावे?

रिकाम्या रस्त्यावर दोन किलोमीटर गाडी पळवून यातले काहीच कळत नाही. टेस्ट राइड संध्याकाळच्या गर्दीत मागावी. सिग्नलला दहा वेळा थांबून दहा वेळा निघावे. एखादा उड्डाणपूल चढताना मध्येच थांबून पाहावे. मोकळ्या जागेत डावीकडे आणि उजवीकडे यू-टर्न घ्यावा. मागे कोणाला तरी बसवून हेच पुन्हा करावे.

गाडी बंद करून ती दहा पावले मागे ढकलून पाहावी. दोन्ही पाय नीट टेकतात का, उजवी नडगी कव्हरला लागते का, अर्ध्या तासाने मांडीला धग लागते का, हे तपासावे. ई-क्लचमध्ये पेडलचा स्पर्श हलका, मध्यम आणि कडक असा बदलता येतो, तो तीनही प्रकारे करून पाहावा. जवळच्या सेवा केंद्रात ही यंत्रणा दुरुस्त करणारे प्रशिक्षित मेकॅनिक आहेत का, हेही तिथेच विचारावे.

मग ही गाडी कोणी घ्यावी?

ज्याचा डावा हात दुखतो आणि तरीही ज्याला गिअर बदलत गाडी चालवायची आहे, त्याच्यासाठी लिव्हर कायम ठेवणारी ई-क्लच यंत्रणा आज सर्वात समतोल आहे. नको तेव्हा ती बाजूला ठेवता येते, बिघडली तरी गाडी चालते आणि वजनाचा भार नगण्य आहे. रोज शहरात ये-जा जास्त आणि गिअरचे आकर्षण कमी, अशांना ‘डीसीटी’ किंवा तत्सम पूर्ण स्वयंचलित गाडी अधिक सुख देईल. पण तिचे वजन आणि वळणाची नवी सवय स्वीकारावी लागेल.

ज्याचा हात ठणठणीत आहे आणि महिन्यातून एकदाच गाडी बाहेर निघते, त्याने केवळ क्लचसाठी लाखो रुपये जास्त मोजण्याचे कारण नाही. त्याच पैशांत हलकी, कमी तापणारी, ‘असिस्ट अँड स्लिपर’ क्लचची चारशे-पाचशे सीसीची टूरिंग गाडी येईल आणि सामानाच्या बॅगा, चांगले जॅकेट, हेल्मेट यांनाही पैसे उरतील. शहरात वजन आणि उष्णता कमी झाली की निम्मा थकवा तिथेच कमी होतो. म्हणून गाडी निवडताना आधी वजन, मग बैठक, त्यानंतर इंजिनाची धग आणि शेवटी क्लच, हा क्रम धरावा. या चारही कसोट्यांवर उतरलेल्या गाडीत ई-क्लच मिळत असेल, तर तो जरूर घ्यावा.